मुंगसाने ओतलेले धोवण

बालमित्रांनो, एका दाट जंगलातल्या टेकडीवर प्राण्यांचे विद्यापीठ होते. वरच्या अंगाला मोठे फरसबंद पटांगण होते, त्याला लागून अस्वलगुरुजींची औषधशाळा आणि टेकडीच्या पायथ्याशी तळे. तळ्याचे पाणी सगळे विद्यापीठ पीत असे. पावसाचे पाणी तळ्यात उतरावे म्हणून पटांगणापासून खालपर्यंत एक चर खणलेला होता. पावसाळा सोडला तर तो कोरडाच असे, आणि त्याच्या खालच्या टोकाला एक खेकडा राहत असे.

औषधशाळेत एक मुंगूस शिकत होते. हुशार, चपळ, पण भारी उतावळे. पदवीदान समारंभ तोंडावर आला तेव्हा गुरुजींनी त्याला गेळफळे कुटून औषध करायला सांगितले. गेळफळ औषधी खरे, पण त्याचे धोवण, म्हणजे ते कुटून धुतलेले पाणी, तळ्यात मिसळले की मासे गुंगतात आणि पोट वर करून तरंगू लागतात. म्हणून धोवणाचे मडके टेकडीपलीकडच्या राखेच्या खड्ड्यात नेऊन ओतायचे, असा औषधशाळेचा नियम होता. मुंगसाने पहिल्या दिवशी मडके तिथवर नेले. दुसऱ्या दिवशी त्याने दाराशेजारच्या कोरड्या चराकडे पाहिले. "इथे पाण्याचा थेंब नाही. जमिनीत जिरून जाईल," असे स्वतःशी म्हणत त्याने मडके तिथेच उपडे केले. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशीही तेच. धोवण काही जिरले नाही. उतारावर थोडे घरंगळून ते चराच्या मध्यावरच्या खळग्यात साचून राहिले.

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी हत्ती पटांगण धुवायला आला. तळ्यातून सोंड भरून आणायची आणि फरशीवर फवारायची, असा त्याचा सपाटा सुरू झाला. फरशीवरचे पाणी चरात उतरू लागले. इकडे खेकड्याला उग्र वास आला, डोके गरगरू लागले. वर जाऊन पाहतो तो खळगा काठोकाठ भरत आलेला, आणि त्यातले किडे निपचित पडलेले! तो तिरपा तिरपा धावत तळ्याकाठी पोहोचला आणि ओरडला, "कासवआजोबा, वरून काहीतरी विषारी येतंय! खळगा आत्ता ओसंडेल!"

कासवआजोबा तळ्याचे राखणदार होते. त्या दिवसांत तळे माशांच्या पिल्लांनी भरलेले होते. आपल्या पायांनी वर पोहोचणे होणार नाही, हे ते जाणून होते. त्यांनी काठावरच्या टिटवीला हाक मारली, "पोरी, जा, हत्तीला थांबव!"

टिटवी कर्कश ओरडतच पटांगणावर आली. "थांबा, हत्तीदादा, थांबा! चरात विष आहे!"

हत्तीने सोंड वर उचलली. पण तोवर दहा-बारा सोंडा पाणी फरशीवर पडून गेले होते आणि ते उताराला लागले होते. सगळे गोळा झाले. अस्वलगुरुजी म्हणाले, "कसलं विष? किती आहे? कुठून आलं? हे कळल्याशिवाय अडवायचं कसं आणि वळवायचं कुठे?"

मुंगूस मागे उभे होते. उद्या त्याला पदवी मिळायची होती. 'बोललो तर पदवी गेली. गप्प बसलो तर कुणाला काही कळणार नाही,' असे त्याच्या मनात आले. तेवढ्यात टिटवी रडवेली होऊन म्हणाली, "अहो, खाली सगळी पिल्लं आहेत. त्यांना पळायलाही जागा नाही."

मुंगूस पुढे आले. "गुरुजी, मी केलं ते. गेळफळाचं धोवण आहे, तीन मडकी. खळग्याच्या खाली माती मऊ आहे. तिथून डावीकडे वाट काढली तर पाणी उंबराखालच्या जुन्या खड्ड्यात जाईल." एवढे बोलून ते थांबले नाही, उताराने धावत सुटले. त्याच्यामागे रानडुक्कर आणि साळिंदर धावले. मुंगसाने माती उकरायला सुरुवात केली. रानडुकराने सुळ्यांनी ढेकळे उलथली, साळिंदराने ती चरात लोटून बांध घातला. वरून फेसाळ, पिवळट पाणी आले आणि बांधाला थडकले. बांध एका बाजूने खचू लागला, तेव्हा मुंगूस त्या भगदाडात पाठ लावून बसले. "खणा! थांबू नका!" ते ओरडले. अखेर डावीकडची वाट मोकळी झाली. पाणी क्षणभर घुटमळले, वळले, आणि गडगडत जुन्या खड्ड्यात गेले. तिथून तळे वीस पावलांवर होते.

तरीही कोणाचा जीव थाऱ्यावर नव्हता. एखादी धार निसटून गेली असेल तर? सगळे तळ्याकाठी येऊन उभे राहिले. खेकडा चर तपासून आला आणि म्हणाला, "बांधाच्या खाली कोरडंच आहे."

अस्वलगुरुजी मुंगसाकडे वळले. त्याच्या अंगाला चिखल लागला होता, मान खाली होती. "पदवी उद्या नाही मिळायची," गुरुजी म्हणाले. "पुढचा महिनाभर तू या चराची राखण करायची, मग पाहू. चूक माझीही आहे. खड्डा इतका लांब ठेवला आणि कोण कुठे ओततं ते कधी पाहिलं नाही. आजच दाराशी पक्का खड्डा खणू."

"मी खणतो, गुरुजी," मुंगूस हळूच म्हणाले.

एवढ्यात कासवआजोबा पाण्यात उतरले. त्यांनी मान बुडवली आणि एक घोट घेतला. आजोबांनी डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाले, "गोड आहे."

त्यांच्या पायांशी माशांची पिल्ले झुंडीने वर आली आणि पाण्यावर बारीक बारीक बुडबुडे उठले. हत्तीने एवढा मोठा सुस्कारा सोडला की टिटवीची पिसे विस्कटली. ती हसू लागली, आणि मग सगळेच हसत हसत पाणी प्यायला वाकले.

तात्पर्य : घाण पाण्यात मिसळण्याआधीच अडवावी, आणि ती आपल्या हातून सांडली असेल, तर लाज बाजूला ठेवून वेळेवर सांगावे.