गिधाडाच्या पिल्लाचा दवाखाना

एका जंगलात, ओढ्याकाठच्या सपाट खडकावर, एक टिटवी बालवाडी चालवत असे. बाई मोठ्या हुशार! त्यांच्या बालवाडीत पाटी नाही, पुस्तक नाही, नुसता खेळ. आज दुकान-दुकान, उद्या पंचायत-पंचायत, परवा दवाखाना-दवाखाना. "खेळता खेळता लेकरांना कळतं, आपलं जंगल कसं चालतं ते," असं त्या मान वर करून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

आता गंमत पाहा. वाघाचा बछडा रोज सरपंच. अस्वलाचं पिल्लू रोज डॉक्टर, कारण त्याच्या बापाला झाडपाला ओळखता येतो. आणि गिधाडाचं पिल्लू? ते रोज लांब, कडेला उभं. एखादं वाळकं पान 'मेलं' की ते ओढत न्यायचं, एवढंच त्याचं काम. ज्याच्या घरी जे चालतं तेच त्याने खेळायचं, असा बाईंचा नियम होता. हसू नका पोरांनो! तुमच्या गॅदरिंगमध्ये राजा कोण होतो आणि झाड कोण होतं, ते आधी आठवा.

एके दिवशी गिधाडाचं पिल्लू पुढे आलं. "बाई, मी एकदा डॉक्टर होऊ? माझ्या आईला ढगातूनच कळतं, कोण जिवंत आहे नि कोण नाही. जे जिवंत असतील त्यांना मी औषध देईन."

"हा कसलं औषध देतोय!" अस्वलाचं पिल्लू ओरडलं. "हा पेशंटची चव बघेल!"

सगळी पोरं लोळून लोळून हसली. हसू बाईंनाही आलं, त्यांनी ते चोचीत दाबलं. पिल्लू मात्र रोज विचारत राहिलं. शेवटी बाई कंटाळून म्हणाल्या, "बरं बाबा, पालकांच्या दिवशी तू डॉक्टर."

मग काय विचारता! पिल्लू घरी गेलं की आईच्या छातीला कान लावून बसे. "आई, हलू नकोस. हं, जिवंत आहेस तू. पाणी जास्त पी."

पालकांचा दिवस उजाडला. पिल्लाच्या गळ्यात वेलीची नळी होती. त्याची आई मागच्या झाडावर, इतरांपासून जरा अंतर राखून बसली होती. पेशंट होता वाघाचा बछडा, आणि पहिल्याच रांगेत त्याची आई. वाघिणीने फक्त एकदा पिल्लाच्या चोचीकडे पाहिलं आणि एकदा बाईंकडे. तेवढं बाईंना पुरलं. त्यांनी घाईघाईने पिल्लाच्या गळ्यातली नळी काढून अस्वलाच्या पिल्लाला घातली आणि हळूच म्हणाल्या, "तू शहाणा ना? तू आपलं पान ओढ."

पिल्लाने पान ओढलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी पिल्लू बालवाडीत आलं नाही. तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशीही नाही. पान ओढायला कोणी नसलं म्हणून खेळ काही अडला नाही. पण बाईंना खडकावर चैन पडेना. शेवटी त्या उडत उडत गिधाडांच्या कड्यावर गेल्या.

पिल्लू एकटंच खेळत होतं. समोर सात-आठ गोटे मांडलेले, आणि ते स्वतः अगदी बाईंसारखी मान उंचावून, बाईंच्याच आवाजात बोलत होतं. "तू गुळगुळीत ना? मग तू डॉक्टर. तू मोठा, तू सरपंच. आणि तू रे काळ्या? तू तिकडे लांब. रडायचं नाही, पाहुणे आलेत."

बाई पिल्लाजवळ उतरल्या. "बाळा, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "उद्या ये. तूच डॉक्टर."

"उद्या कशाला? आत्ताच खेळू की!" पिल्लू खूश होऊन म्हणालं. "पण आता बाई मी हं."

"बरं, बाई तू. मग मी नर्स होऊ?"

पिल्लाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही टिटवी ना? टिटवी ओरडली की कोणीतरी मरतं, असं सगळं जंगल म्हणतं. तुम्हाला पेशंटजवळ कसं येऊ द्यायचं? तुम्ही तिकडे, काळ्याच्या शेजारी उभ्या राहा."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, की खोडी नव्हती. शिकवलं तसं खेळत होतं बिचारं. बाई स्वतः एवढ्याशा होत्या तेव्हा हेच ऐकून रडत घरी गेल्या होत्या. ते कशा विसरल्या, देव जाणे! त्या गुमान जाऊन काळ्या गोट्याशेजारी उभ्या राहिल्या.

खाली आल्यावर बाईंनी नियम मोडला. त्यानंतर खारीची पोरसुद्धा सरपंच झाली आणि वाघाच्या बछड्याने पानं ओढली. रोज सकाळी बाई वेलीची नळी घेऊन कड्याकडे बघत राहत. पण पिल्लाच्या पंखांत बळ आलं होतं. एके दिवशी ते उडालं ते डोंगरापलीकडे गेलं, बालवाडीच्या वरून, खाली न बघता.

तात्पर्य, आणि हे मोठ्यांनी वाचायचं : लेकरू आपण सांगितलेलं विसरतं, पण आपण त्याला कुठे उभं केलं ते विसरत नाही.