उजव्या पंखातलं शिसं

त्या सकाळी कोवळं ऊन होतं नि वारा पडलेला. फार वर्षांमागची गोष्ट. भानू मिस्त्रीनं पातळ बरगड्यांवर कागद ताणून खेळातल्या विमानाला दोन पंख केले. डाव्यातून दोरी काढली, उजव्याच्या टोकात शिशाचा तुकडा बसवला नि दोरी हातात धरून विमान आपल्याभोवती गोल उडवलं.

"ओझं मलाच का?" म्हणत उजव्यानं उडता उडता शिसं झटकून टाकलं. तशी दोरी सैल पडली नि विमान मातीत आलं. मिस्त्री रागावला नाही. बरगड्या सांधून त्यानं शिसं परत बसवलं. पुढं कितीतरी वर्षं विमान त्याच्याभोवती कोलांट्या घेत फिरलं.

आता मिस्त्री नाही. विमान खुंटीला आहे. परवा उजवा म्हणाला, "आता तरी टाकू का हे शिसं?"

शेजारचा डावा म्हणाला, "राहू दे, गड्या. त्याच्या भारानं दोरी ताठ राहायची, म्हणून तर मिस्त्रीचा हात आपल्याला कळायचा."