व्यापाऱ्याचा गळका मास्क

एकदा भांड्यांचा एक व्यापारी बऱ्याच वर्षांनी समुद्रकाठच्या आपल्या गुरूकडे आला. तरुणपणी याच गुरूने त्याला पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी उतरायला, म्हणजे ज्याला स्कूबा म्हणतात ते, शिकवले होते. शिष्य चांगला तयार झाला होता. पुढे लग्न झाले, दुकान वाढले आणि समुद्र सुटला. कोणी विचारले, तर तो म्हणे, "धंद्यातून सवड कुठे मिळते?" धंदा हे असे कारण आहे, की त्यावर आपल्याकडे कोणी उलट प्रश्न करत नाही.

खरे कारण निराळे होते. अखेरच्या खेपेस पाण्याखाली असताना त्याच्या मास्कमध्ये, डोळ्यांवर आणि नाकावर बसणाऱ्या त्या काचेच्या मुखवट्यात, पाणी शिरले. नाकात पाणी गेले, जीव कासावीस झाला आणि शिकवलेले सारे विसरून तो सरळ वर पळाला. पाणी फारसे खोल नव्हते म्हणून निभावले. बोटीवर त्याने चकार शब्द काढला नाही. त्यानंतर मात्र तो समुद्रात उतरलाच नाही.

आता त्याची मुलगी केतकी कॉलेजात जाऊ लागली होती. आपल्या बाबांना स्कूबा येते हे तिला कळले आणि तिने हट्ट धरला. चार पाहुण्यांसमोर बापही बोलून गेला, "मीच नेतो तुला. मी असताना भ्यायचं काय कारण?" शब्द गेला तो गेला. गुरूकडे आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक जोडीने उतरणार होते. गुरू सोबत असणार होते, पण पोर हात धरणार होती ती बापाचा. आपण पुन्हा घाबरून वर पळालो, तर खाली तिचे काय होईल, या विचाराने त्याला घास गोड लागत नव्हता.

गुरूंना सगळे तात्या म्हणत. नौदलातून निवृत्त झालेला हा पाणबुड्या किनाऱ्यावर शाळा चालवी. शाळेला लागूनच सामानाचे दुकान होते. व्यापाऱ्याने पोशाख घेतला, पायांत घालायच्या फिन्स घेतल्या, वजनाचा पट्टा घेतला, सारे झटपट. गाडी अडली ती मास्कपाशी.

"तात्या, बाकी काहीही चालेल," तो म्हणाला, "मास्क मात्र असा द्या, की थेंब आत येता कामा नये."

मग त्याची परीक्षा सुरू झाली. जन्म भांड्यांत गेलेला. त्याने पहिल्या मास्कमध्ये तांब्याने पाणी ओतले आणि तो उजेडात धरून कुठे पाझरतो का ते पाहिले. तात्या बघत राहिले. थेंबही पाझरला नाही, तेव्हा त्याने तो चेहऱ्यावर चढवला आणि बादलीत तोंड बुडवले. मिशीखालून पाणी आत आले. "गळका आहे," असे म्हणून त्याने दुसरा घेतला. तोही गळका निघाला. दुपार टळेपर्यंत फळीवर मास्कचा ढीग पडला. गुरूच्या दुकानात बसून शिष्य म्हणाला, "तात्या, राग मानू नका, पण तुमचा माल पूर्वीसारखा राहिला नाही."

तात्यांनी राग मानला नाही. ते उठले आणि बाकाखालच्या अडगळीतून एक जुना मास्क काढून आणला. त्याचे रबर कडक झाले होते, एका बाजूला चीर होती. तो मास्क तात्या कोणालाही वापरायला देत नसत.

"हा घे," ते म्हणाले, "आणि चल पाण्यात."

"अहो, हा तर उघड उघड फाटलाय!"

"म्हणून तर देतोय. चल."

म्हाताऱ्याचे वय झाले, दुसरे काय, असे व्यापाऱ्याच्या मनात आले. पण गुरूचा शब्द मोडायची सवय नव्हती. टाकी बांधून तो निमूट मागे गेला.

ओहोटी लागली होती. कमरेएवढ्या संथ पाण्यात तात्यांनी त्याला गुडघ्यांवर बसवले. डोके पाण्याखाली जाते न जाते तोच मास्क भरला. व्यापारी धडपडत उभा राहिला, खोकला, थुंकला. "बस," तात्या म्हणाले. पुन्हा तेच झाले. आता मात्र त्याचा तोल गेला.

"तात्या, उद्या पोरीला घेऊन उतरायचंय मला! आणि तुम्हाला थट्टा सुचतेय?"

"पोरीला घेऊन उतरायचंय म्हणूनच," तात्या म्हणाले. "तोंडातल्या नळीने श्वास घे, घाई करू नको. बस."

तो बसला. पाणी डोळ्यांवर आले, नाकाशी आले. छाती धडधडू लागली. आणि इतक्या वर्षांनी त्याच्या हातांना काहीतरी आठवले. त्याने मास्कची वरची कड कपाळाशी दाबली, तोंड वर केले आणि नाकाने जोरात हवा सोडली. पाणी खालून निघून गेले. चिरेतून ते पुन्हा आले, त्याने पुन्हा घालवले. कितीदा भरला आणि कितीदा रिकामा केला, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. शेवटी भीती कुठल्या कुठे गेली आणि त्याला चक्क कंटाळा आला. उभा राहून तो म्हणाला, "अजून किती वेळ हेच करायचं?"

"कंटाळलास? मग झालं काम," तात्या म्हणाले.

दोघे वाळूवर येऊन बसले. मग तात्या बोलले.

"तुझ्या दुकानातलं भांडं गळलं, तर दोष भांड्याचा. इथे बाहेर सगळा समुद्र आहे. तू हसलास, मान वळवलीस, तरी थेंबभर पाणी आत येणारच. त्यात तुझी ही मिशी. ती काढ असं मी म्हणणार नाही, तुझे वडील हयात आहेत. सामान चांगलंच घ्यावं, तिथे चिकटपणा कामाचा नाही. पण तू सकाळपासून मास्क निवडतच नव्हतास. पुन्हा कधी भीतीच वाटणार नाही, असं काही विकत मिळतंय का, ते शोधत होतास. तसला माल कोणी ठेवत नाही बाबा. आत आलेलं पाणी घालवता यायला हवं. ते ज्याला येतं, त्याला मास्क निवडायला कितीसा वेळ लागणार?"

व्यापाऱ्याने फाटक्या मास्कमधली वाळू झटकली. मग हळूच म्हणाला, "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"बोटीवर तुझं तोंड पाहिलं होतं मी. तेव्हाच बोललो असतो, तर लाजेने तू आजही आला नसतास."

त्याचे डोळे भरून आले. तो उठून दुकानात गेला, ढिगातले दोन मास्क चेहऱ्याला लावून पाहिले आणि नीट बसला तो घेऊन बाहेर आला.

सकाळी बोट तयार होती. केतकी नव्या कोऱ्या सामानात उभी होती, तोंडावर उसना धीर. बोटीत पाय ठेवताना तिने विचारले, "बाबा, मास्कमध्ये पाणी शिरलं तर?"

"शिरतंय कशाला? चांगल्यातला घेतलाय," हे उत्तर व्यापाऱ्याच्या जिभेवर आले होते. धंद्याची सवय. पण ते त्याने गिळले.

"शिरेल," तो म्हणाला. "माझ्या शिरलं होतं. तेव्हा मी घाबरून वर पळालो. इतकी वर्षं आलो नाही तो त्याच भीतीने, धंदा नुसता नावाला."

बोटीवरची माणसे ऐकत होती. त्याने आवाज खाली आणला नाही.

"मग आता?" केतकीने विचारले.

"आता घालवता येतं. तुलाही शिकवतो. चल, आधी इथे कमरेएवढ्या पाण्यात बसू. बोट थांबेल."

केतकीने बापाकडे नीट पाहिले. कशालाही न भिणारा बाप तिला लहानपणापासून ठाऊक होता. हा भ्यालेला बाप ती प्रथमच पाहत होती, आणि तिला तो अधिक भरवशाचा वाटला. तिने त्याचा हात धरला आणि बोटीकडे पाठ करून पाण्यात बसली.

तात्यांनी बोटवाल्याला इंजिन बंद करायला सांगितले. आपल्या माणसाला 'काही होणार नाही' असे सांगणे सोपे असते. झाले तर काय करायचे, हे सांगायला आधी स्वतःची भीती कबूल करावी लागते.