दुर्गीचा दगड

शिंगणवाडीच्या वेशीवर, गावात शिरताना डाव्या हाताला एक काळा चौकोनी दगड आहे. लांबी दोन हात, उंची गुडघ्याएवढी. त्याला शेंदूर नाही, त्याच्यापुढे कोणी नारळ फोडत नाही. महिन्याच्या पहिल्या बुधवारी नर्सबाई लस द्यायला येतात, तेव्हा आया बाळांना मांडीवर घेऊन या दगडावर बसतात. आणि पाटील घराण्यातला वडील माणूस टोपी काढून समोर मातीत बसतो. हे असे का, ते आम्हांला हैबतआबा पाटलांनी सांगितले. सांगताना त्यांची नजर बहुतेक वेळ खालीच होती.

देवीच्या रोगाने घरेच्या घरे रिकामी होत, तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी लस बाटलीतून येत नसे, माणसाच्या दंडावरून येई. एका मुलाला गाईच्या देवीचा सौम्य आजार टोचायचा. आठव्या दिवशी फोड पिकला की त्यातला थेंब पुढच्या मुलांना. तेवढ्या ओळखीने अंग सावध होई, आणि पुढे खरी देवी आली तरी तिला थारा देत नसे. मात्र फोड सुकला की थेंब गेला.

असे सांगतात, की एका माघात टोचणारा इथवर आला. त्याच्याबरोबर यल्लव्वा नावाची वडारीण आणि तिची सात वर्षांची लेक दुर्गी. फोड दुर्गीच्या दंडावर होता आणि तो आठवा दिवस होता. रायाजी पाटलांनी त्यांना वेशीवरच अडवले.

"वडाराच्या पोरीच्या फोडातलं पाणी माझ्या नातवाच्या अंगात? उद्या हातोडा घिऊन खडी फोडाय बसला तर?"

माणसे हसली.

यल्लव्वा म्हणाली, "पाटील, तुमच्या वाड्याचा दगड न् दगड आमीच फोडलाय. त्यात निजताय, तवा न्हाई बाटला?"

आता कोणी हसले नाही. पण कोणी मूलही पुढे आणले नाही. पाटलांची सून लेकराला कडेवर घेऊन निघाली होती म्हणे. सासऱ्याने नुसते पाहिले, ती मागे फिरली. दुर्गी दंड उघडा ठेवून दिवस मावळेपर्यंत या दगडावर बसली. मध्येच तिने पाणी मागितले. तेही गावाने दिले नाही.

चैत्रात देवी आली. सतरा मुले गेली. आजारी घरात भावकीसुद्धा पाऊल टाकेना. तेव्हा या मायलेकीच आल्या. यल्लव्वाच्या तोंडावर लहानपणी येऊन गेलेल्या देवीचे वण होते, दुर्गीच्या दंडावर टोचल्याचा. दोघींना रोगाचे भय नव्हते. त्या घरोघर पाणी पाजत फिरल्या. पाटलांचा नातू मानाजी "पाणी, पाणी" करत होता. दुर्गीने त्याला ओंजळीने पाजले. पाटील उंबऱ्यात उभे होते. नको म्हणायला त्यांना तोंड उरले नव्हते. पहाटे पोर गेले.

पुढच्या पौषात पाटील वडारांच्या पालांवर गेले आणि पागोटे यल्लव्वाच्या पायांशी ठेवले. तिने ते उचलले नाही.

"ते र्‍हाऊ द्या. पोरं आना," एवढेच म्हणाली.

दुर्गीला एकदा टोचल्यावर पुन्हा फोड येणार नव्हता, म्हणून माघात यल्लव्वाची धाकटी लेक या दगडावर बसली. तिच्या दंडावरून गावातल्या उरलेल्या मुलांना थेंब मिळाला. ते संपेपर्यंत पाटील उघड्या डोक्याने मातीत बसून होते.

आमच्यातल्या एकाने विचारले, "आबा, तुमचा यात काय दोष? किती पिढ्या असं बसणार?"

आबा म्हणाले, "अंगाला एकदा शिकवलं की ते वर्षानुवर्षं इसरत न्हाई. गावाचं तसं नसतं. गावाला दर महिन्याला टोचावं लागतं."

आजही त्या बुधवारी वडार आळीतून पाण्याची पहिली घागर येते आणि नर्सबाई त्याच पाण्याने हात धुतात. बाई आबांना दर वेळी खुर्ची देऊ करतात. आबा मान हलवतात, टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात, आणि शेवटचे बाळ रडून शांत होईपर्यंत खालीच बसून राहतात.