हत्तीणमावशीची फवारणी

तळ्याकाठच्या एका रानात एक हत्तीण राहत असे. देह डोंगराएवढा आणि मन लोण्याहून मऊ. त्या वर्षी रानात डासांचा नुसता सुळसुळाट झाला. ज्याच्या त्याच्या घरी कोणी ना कोणी तापाने फणफणलेले. हत्तिणीचे लाडके पिल्लूही चारा टाकून पडून राहिले, तेव्हा तिच्या जिवाची घालमेल झाली. तिने कडुनिंबाचा पाला पाण्यात चुरडला, ते कडू पाणी सोंडेत भरले आणि झुडपाझुडपांवर फवारायला निघाली. बरे का मुलांनो, ती काही आडदांड नव्हती. उगाच कोणी भिजू नये म्हणून तिने आधी मोठा चीत्कार केला. "झालं सांगून," असे म्हणत ती कामाला लागली.

पण हत्ती ओरडला की लहानसहान जीव काय करतात? घरात दडी मारतात. ससे बिळात शिरले. करवंदीच्या जाळीत पाने शिवून घरटे करणारी एक इवलीशी शिंपीण राहत होती. ती लगबगीने येऊन पिलांवर पंख पसरून बसली, आणि नेमका तिच्याच जाळीवर फवारा आला. घरट्याची शिवण उसवली. डोळेही न उघडलेली पिले भिजून गारठली.

"मावशी, आमचं काय चुकलं गं?" शिंपीण रडत म्हणाली.

"अगं, मी ओरडून सांगितलं होतं ना?"

"ओरडलीस ते ऐकलं. पण फवारा येणार, हे आम्हाला कसं कळावं? वाटलं, कोणावर तरी चिडली आहेस. म्हणून तर घरात बसलो."

हत्तिणीला फार वाईट वाटले. आपले पिल्लू वाचवायच्या घाईत दुसरीची पिले तिने जवळजवळ घालवली होती. ती गुडघे टेकून बसली आणि सोंडेतून ऊबदार श्वास हळूहळू घरट्यात सोडत राहिली. पिले सुकली, चिवचिवू लागली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

फवारणी अर्धीच राहिली होती. मग हत्तीण प्रत्येकाच्या दाराशी गेली आणि खाली वाकून हलक्या आवाजात म्हणाली, "उद्या ऊन उतरलं की कडू पाणी फवारणार आहे. माझी हाक आली की माळावर जा, पानं सुकली की परत या. आणि दाराशी साचलेलं पाणी तेवढं सांडून टाका."

"माझ्या पिलांना उडता येत नाही, मावशी," शिंपीण म्हणाली.

"मग तुझ्या घरट्यावर मी माझा कान धरीन. झालं?"

दुसऱ्या दिवशी हाक आली आणि सगळे रान माळावर जमले. हत्तिणीच्या कानाखालची पिले सोडली, तर घरात राहिले ते फक्त डास. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते! पुढे हत्तिणीचे पिल्लू बरे झाले, आणि शिंपिणीची पिले त्याच्याच पाठीवर बसून उडायला शिकली.

तात्पर्य : नुसता आवाज दिला म्हणजे सांगणे झाले, असे नाही. ज्याचे भले करायचे, त्याला समजेल असे आधी सांगावे आणि त्याची अडचणही ऐकून घ्यावी.