वासविद्येचा तास आणि वर झालेल्या शेपट्या

आंबेमाळाच्या जंगलात एक विद्यापीठ होतं. काढलं वाघमहाराजांनी, कुलपतीही तेच. प्रजा शिकावी, अंगानं भरावी, अशी त्यांची फार इच्छा.

तिथे रेवाबाई नावाच्या सांबरीण चितळांच्या पाडसांना वासविद्या शिकवायच्या. वाघाचा वास आला की पळायचं, एवढाच अभ्यासक्रम. करवंदीच्या जाळीत अडकलेले वाघाचे केस त्या तोंडात धरून आणायच्या आणि एकेकाच्या नाकापुढे धरायच्या.

“बाई, पोटात ढवळतं!” ठिपकी नावाचं पाडस दर तासाला ओरडायचं.

“ढवळू दे गं राणी. ढवळलं की पाय आपोआप उचलतात.”

एके दिवशी हुकूम सुटला. यापुढे विद्यार्थीच गुरूंची परीक्षा घेणार. तास आवडला तर शेपूट वर, नावडला तर खाली. मोजायला तरसराव. सोहळा एकादशीला ठेवला, कारण त्या दिवशी महाराजांचा उपवास. मुलांना मोकळेपणानं मत देता यावं.

तरसराव दगडावर चढले. “बाळांनो, आजपासून तुम्हीच मालक! कुणाला भिऊ नका! कशालाच भिऊ नका! बोला, हसत शिकू...”

“हसत जाऊ!” पाडसं ओरडली. झाडामागे महाराजांना गहिवरून आलं.

मोराच्या नृत्याच्या तासाला सगळ्या शेपट्या वर. वासविद्येला एकही नाही.

“बाई, तुमच्या विषयात नकारात्मकता फार,” तरसराव मऊपणे म्हणाले. “आणि वास नेमका महाराजांचाच कशाला? सशाचा घ्या की. पुढच्या खेपेला सुधारणा दिसली नाही, तर हा तासही मोराकडे.”

रेवाबाईंना चारा गोड लागेना. आपण गेलो तर वास कोण शिकवणार? थोडं गोडीनं घ्यावं, शिकवणं तरी चालू राहील.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते केस रानजाईच्या फुलांत गुंडाळून आणले. ठिपकीनं नाक खुपसलं. “अय्या बाई, किती छान! आणखी द्या ना!”

रेवाबाईंचे डोळे पाणावले. इतक्या वर्षांत त्यांच्या तासाला कुणी आणखी मागितलं नव्हतं.

त्या खेपेला सगळ्या शेपट्या वर गेल्या. उत्कृष्ट गुरू म्हणून बाईंच्या गळ्यात माळ पडली.

पाडसं ओढ्यावर जाऊ लागली. तिथे वाघाचा वास यायचा, पण फुलांचा नसायचा. हा दुसराच कुणीतरी असेल, असं वाटून ती थबकायची, पुन्हा हुंगायची. थबकलेली परत यायची नाहीत.

पुढच्या सोहळ्याला मैदान अर्ध्याहून रिकामं. आलेल्यांच्या शेपट्या मात्र वर.

“शंभर टक्के!” तरसराव गरजले.

“माझी ठिपकी कुठेय?” रेवाबाईंनी विचारलं. “आणि बाकीची लेकरं?”

“त्यांची काही तक्रार आलेली नाही, बाई. तक्रार नाही तो समाधानी धरायचा, असा नियमच आहे.”

रेवाबाईंनी माळ काढून खाली ठेवली. “बाळांनो,” त्या म्हणाल्या, “फुलं माझी होती. वास त्या झाडामागे बसलाय त्याचा आहे. पळा!”

पाडसं जीव घेऊन सुटली. भ्यालेल्या चितळाची शेपूट वर होते, तशा सगळ्यांच्या झाल्या. तरसरावांनी त्या पुन्हा मोजून घेतल्या आणि निकालात मिळवल्या.

त्यानंतर रेवाबाईंचीही काही तक्रार आली नाही.

पद्धत महाराजांना इतकी पसंत पडली, की पुढे त्यांनी स्वतःच्या कारभाराची परीक्षाही तशीच घेतली. जंगलात जनावरं होती, त्याहून जास्त समाधानी निघाली.