कांद्याची साल आणि देवाचा हार

फार वर्षं झाली, एका परसात खताचा खड्डा होता. यमुताई रोजचा ओला कचरा त्यात टाकत. त्या दसऱ्याला देवावरचा झेंडूचा भलामोठा हार नदीत सोडायच्या ऐवजी त्यांनी तिथेच ठेवला.

हाराने शेजारी पाहिलं, तर कांद्याची साल. तो अंग चोरून काठालाच बसला. "मी देवाच्या गळ्यात होतो," तो म्हणाला. "तुला तर कुणी नैवेद्याच्या ताटातसुद्धा घेत नाही."

"नाही घेत," साल म्हणाली. "पण आत छान ऊब आहे. वाटलं तर या."

हार हलला नाही. आठ दिवसांत तो वाळून कडकडीत झाला. खड्ड्यातल्या नुसत्या ओल्या कचऱ्याला मात्र पाणी सुटलं, वास मारू लागला. यमुताई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "उद्या हा खड्डा बुजवूनच टाकते."

"आमच्यात थोडं कोरडं कुणी असतं, तर निभावलं असतं," साल हळूच म्हणाली. या वेळी मात्र तिने हाराला 'या' म्हटलं नाही.

ते हाराला लागलं. इतके दिवस घट्ट धरलेला दोरा त्याने सोडला आणि पाकळी पाकळी होऊन तो खाली उतरला.

सकाळी वास बराच कमी झाला होता. यमुताईंनी फावडं परत जागेवर ठेवलं. काही महिन्यांनी खड्ड्यातून काळंभोर, भुसभुशीत खत निघालं, ते त्यांनी जास्वंदीला घातलं.

जास्वंदीला पहिलं फूल आलं, ते देवाला वाहिलं. त्यात झेंडू किती आणि कांदा किती, हे देवाने विचारलं नाही.